बडग्याला तोंड कोणाचं

आमच्या भिलाईतल्या खुर्सीपारच्या रस्त्यानं त्या वर्षी जी मारबतीची मिरवणूक निघाली, ती पाहिलेली माणसं आता फार उरली नाहीत. मी उरले आहे, आणि ती आठवली की अजून माझी मान ताठ होते. नातवंडं म्हणतात, आजीचं झालं सुरू. झालं तर झालं. आपण हरलो ते दिवस सांगायला वर्तमानपत्रं आहेत. आपण जिंकलो तो दिवस आपणच सांगायला पाहिजे.

ज्यांना मारबत ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आमच्या नागपूर-भंडाऱ्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कागदाची नि बांबूची एक मोठी बाई करतात, ती मारबत. वर्षभरातली रोगराई, भांडणतंटे, जे काही नडलं असेल ते सगळं तिच्या गळ्यात घालायचं आणि तिला गावाबाहेर नेऊन जाळायचं. तिच्यासोबत बडगा असतो. बडगा म्हणजे पुरुषाचा पुतळा, आणि त्याला तोंड द्यायचं ते त्या वर्षी लोकांना ज्याचा सर्वात जास्त राग आला असेल त्याचं. चार शिव्या घालायच्या, गळ्यात फाटक्या चपला अडकवायच्या, आणि मोकळं व्हायचं.

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा आमच्याकडची बरीच माणसं तिथे कामाला आली. शेती सोडून आलेली, दोन कपडे नि एक वळकटी घेऊन. गाव सुटलं पण मारबत सुटली नाही. पहिल्या वर्षी मच्छराचा बडगा केला, नंतर कोरड्या नळाचा. एकदा एका ठेकेदाराच्या मुनशीचा केला, तो इतका हुबेहूब उतरला की मुनशी रजा टाकून गावी पळाला. शेजारची छत्तीसगढी बाई पोळ्याला आम्हांला ठेठरी-खुरमीचा फराळ आणून द्यायची नि दारात उभी राहून हसायची. म्हणायची, "ये मराठी मन घलो गजब हें!" म्हणजे ही मराठी माणसंही अजबच. तिच्या दृष्टीनं आम्ही कामाचे होतो, पण डोक्यानं थोडे कमी.

बडगे माझा नवरा करायचा. तो कारखान्यात रिगर होता, म्हणजे जड लोखंड दोरखंडानं, साखळीनं उचलून बरोबर जागेवर बसवायचं, हे त्याचं काम. पण त्याचा आजा नि बाप नागपुरात बडगे करणारे. कागदावर नाक कसं उठवायचं, भुवई कशी रागीट करायची, हे त्याच्या बोटांत होतं. आणि त्यांच्या घरची एक रीत होती. बडगा तयार झाला की घरातल्या सर्वात मोठ्या बाईनं पहिली पीडा त्याच्या अंगावर बांधायची, आणि ही कसली पीडा ते मोठ्यानं सांगायचं. तिनं बांधेपर्यंत तो नुसता कागद आणि भाताचं तणस. तिनं बांधलं की तो बडगा. आमच्या घरात मोठी बाई म्हणजे माझी सासू. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

मग चीनची लढाई झाली, आणि त्या लढाईत माझा धाकटा दीर गेला.

तो फौजेत होता. त्याच्यासोबतचा एक जवान भंडाऱ्याकडचाच, तो वाचला. सुटीवर आला तेव्हा मुद्दाम भिलाईला उतरून आमच्या उंबऱ्यावर येऊन बसला. खाली मान घालून सांगत होता. बर्फ कमरेएवढा. अंगात सुती कपडे. पायात कापडी जोडे. गोळ्या संपल्या, आणि मग वरून ते उतरले. दिराला गोळी लागली की तो आधीच थंडीनं गेला होता, हे त्यालाही नक्की सांगता येईना. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, त्याला चहा दिला, आणि तेव्हापासून त्या बोलायच्याच बंद झाल्या. हो किंवा नाही, एवढंच. नवऱ्याचं उलटं झालं. तो थांबेना. जेवताना, अंघोळ करताना, पाळीवर जाताना, चिनी, चिनी, चिनी.

आणि नेमका आमच्या बाजाराच्या वाटेवर एक चिनी होता.

तो दातांचा डॉक्टर होता. फळ्यांचं छोटंसं दुकान, वर कवेलूचं, म्हणजे कौलांचं छप्पर, दारावर बत्तीस दातांचं हसणारं चित्र. त्याचा बाप कधीकाळी नागपुरात येऊन राहिला आणि हा इतवारीत जन्मला. कारखाना सुरू झाला तेव्हा इकडे दातवाला कोणी नव्हता, म्हणून आला. डोळे बंद करून त्याचं बोलणं ऐकलं तर आमच्या पाहुण्यांतलाच कोणी वाटावा. लढाई सुरू झाली आणि लोकांना एकदम त्याचे डोळे दिसायला लागले. ठाण्यात हजेरी द्यावी लागायची त्याला. चित्रावर कोणी डांबर फासलं. एका संध्याकाळी दगड आले आणि खिडकीची काच फुटली. त्यानं काचेच्या जागी पुठ्ठा लावला नि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. त्याची बायको कलकत्त्याकडची चिनी, ती मात्र बाजारात दिसेनाशी झाली.

उन्हाळ्यात आत्याबाईंचा गाल सुजला. एवढा, की एक डोळा मिटला. नवरा पाळीवर, मोठा दवाखाना लांब कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, आणि ऊन असं की म्हातारीला तिथवर चालवत नेणं म्हणजे दुसरीच पीडा. मी त्यांचा हात धरला आणि जवळ जो होता त्याच्याकडे नेलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. दुखणं दाराशी बसलेलं असताना मी देशाचा नकाशा उघडून बसणारी बाई नाही.

उंबऱ्यावर आत्याबाई थांबल्या. "हा त चिनी हाय."

मी काही बोलायच्या आत आतून डॉक्टरच म्हणाला, "हाव माय, चिनीच हावो मी. पन तुमचा गाल पाहून माह्याच जिवाले तरास होऊन राहिला. बसा त खरं."

त्या बसल्या. दुखणं माणसाला कुठेही बसवतं.

"कवापासून दुखून राहिलं?" त्यानं विचारलं.

"पोरगा गेला तवापासून."

"कुठं गेला?"

"पहाडात. तुमच्या चिन्यायनं मारला."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पडद्याआड त्याची बायको भांडी घासत होती, तो आवाज बंद पडला. डॉक्टरनं हातातलं हत्यार ताटलीत ठेवलं. मला वाटलं, आता हा म्हणेल मी काय केलं, मी तर इथलाच. त्यानं तसलं काही म्हटलं नाही. तो म्हणाला, "माय, मी काय बोलू. मले दाताचं तेवढं समजते. पाहू का?"

आत्याबाईंनी तोंड उघडलं. आणि दात काढता काढता, रक्त थुंकता थुंकता, त्या बोलायला लागल्या. घरात एक शब्द न बोलणारी बाई तिथे बसून लेकाचं लहानपण सांगत होती. मग त्या वरचेवर जायला लागल्या; तो ऐकायचा, मान हलवायचा, मध्येच "आता जरा आ करा" म्हणायचा. नंतर नंतर तर मला वाटे, यांचा दात दुखत नाही, यांना फक्त जायचं असतं. त्याची बायको यांच्यासाठी मऊ भात करून ठेवी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी तांदूळ निवडत बसायच्या आणि काय बोलायच्या ते त्यांनाच ठाऊक. बरेचसे दात गेले, नवी कवळी आली. श्रावणात आत्याबाईंनी भाकरी चावून खाल्ली.

ती भाकरीच नवऱ्याच्या नजरेत आली.

"माय, हे दात कोनं देल्ले?"

"बजारातल्या डाक्टरनं."

"कोनत्या डाक्टरनं?"

"एकच त हाय."

त्याचा हात ताटातच थांबला. मग तो ओरडला, इतक्या जोरात की शेजारची छत्तीसगढी बाई दारात आली. "ज्यायनं माह्या भावाले मारलं, त्यायचे दात माह्या मायच्या तोंडात?"

"दात आता माहे हायेत," आत्याबाई म्हणाल्या, आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.

मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. भीती खरी ठरली. पोळा जवळ आला आणि नवऱ्यानं माझ्याकडे जुनी पांढरी चादर मागितली. मी दिली. अंगणात बांबूचा सांगाडा उभा राहिला, तणस भरलं गेलं, आणि चादरीचा कोट झाला. मग त्यानं मातीचे दात केले, भट्टीत भाजून आणले आणि माळ ओवून पुतळ्याच्या गळ्यात घातली. आता हा कोण, हे कोणाला विचारायची गरज नव्हती. तोंड राहिलं होतं, ते तो सावकाश करत होता. मन लावून, जसं काही लग्नाचं काम.

वर्गणी काढणारी, मिरवणूक ठरवणारी मंडळी ओट्यावर बसून बोलत होती ते मी आतून ऐकलं. दरवर्षी बडगा मैदानात जाळायचे. या वर्षी तो डॉक्टरच्या दुकानासमोरच जाळायचा ठरला. कवेलूखाली सगळं लाकूड, शेजारी रद्दीवाल्याची टपरी. एक जण म्हणाला, "मंग जाईल तो आपोआप." बाकीचे हसले.

मी बाहेर आले. "अन् त्याची बायको आत असन त?"

"तू चूप राय," नवरा म्हणाला.

मी चूप राहणारी असते तर बापानं मला लवकर उजवली नसती. "तुमी सगळे मिळून एका दात उपडनाऱ्या मानसावर चाल करून जानार," मी म्हटलं. "वा! मोठी फौज निघाली. तवा पहाडात कावून नाही गेले तुमी?" एक-दोघांनी मान खाली घातली. नवऱ्यानं घातली नाही. तो इतका दुखावला होता की त्याला आता कोणाचंही काही खरं वाटत नव्हतं. भावाला ज्यांनी मारलं ते हजार कोस दूर. हाताला लागण्यासारखा हा एकच.

मी डॉक्टरला जाऊन सांगितलं. दुकानात पुठ्ठ्याच्या खिडकीमुळे अंधार होता आणि कोपऱ्यात गाठोडी बांधलेली दिसली. म्हणजे त्याला कळलंच होतं.

"वयनी, मले मारबत सांगता का तुमी?" तो म्हणाला. "बापाच्या खांद्यावर बसून पाहिली मी लहानपनी. दारापुढं जाळली म्हंजे त्या घरानं गाव सोडायचं, इतकं त मले समजते."

"जानार कुठं?"

नागपूरला भाऊबंद पांगले होते. कलकत्त्याला बायकोच्या माणसांचं काय झालं त्याचा पत्ता नव्हता. आणि चीन त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. मला इतकी चीड आली की घरी येऊन मी एक ताट आपटून त्याला पोचा पाडला. त्या ताटाचा काही दोष नव्हता, पण हातात तेच होतं. आणि मग माझं मलाच जाणवलं की नवरा वेगळं काय करतो आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण माणसांनी भरलं. ढोल-ताशा आला होता. बडगा ओट्याला टेकवून उभा होता, पांढरा कोट, दातांची माळ, आणि ते तोंड. नवऱ्याचा हात त्या कामात असा उतरला होता की डॉक्टरच समोर उभा वाटत होता. आत्याबाईंना बोलावलं. रीत होती, पहिली पीडा त्यांनी बांधायची.

त्या बाहेर आल्या. हातात दिराचे जुने कापडी जोडे, एका सुटीत तो घरी विसरून गेला होता ते. त्यांनी बडग्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हा कोन?"

"चिनी," नवरा म्हणाला.

"हा त आपला दातवाला हाय."

"चिनीच ना तो."

"माह्या लेकाले यानं मारलं?"

"माय, सगळे एकच असतात."

"सगळे एकच?" आत्याबाई म्हणाल्या. "तू अन् तुहा ठेकेदार एकच का? दोघंबी हिंदुस्तानीच ना?"

ढोलवाला फसकन हसला आणि लगेच खोकला. नवरा लाल झाला. पण आत्याबाई आता थांबणार नव्हत्या. वर्षभर तोंडात दाबून ठेवलेलं सगळं बाहेर येत होतं, आणि आवाज चढलेला नव्हता, हे मला अजून आठवतं.

"ज्यानं माह्या लेकाले मारलं त्याले मी माफ नाही करनार. मेल्यावरबी नाही. पन तो पहाड उतरून आला, तो कोनाच्या तरी हुकमानं आला. तो हुकूम देनारा खुर्चीवर बसला होता. अन् माहा लेक कापडी जोड्यात बर्फावर उभा होता, तो कोनाच्या हुकमानं? तोबी खुर्चीवरच बसला होता. त्या दोघायपैकी कोनाले थंडी वाजली, सांग मले. अन् हा दातवाला त्या दिवशी कुठं होता? इथं बजारात कोनाचा तरी दात उपडून राहिला होता."

मग मंडळींतला एक वयस्कर माणूस म्हणाला, "म्हातारे, तू सरकारच्या विरुद्ध बोलून राहिली. पोलीस उचलून नेतील आमाले. नोकऱ्या जातील."

"मंग तोंडच नका काढू," आत्याबाई म्हणाल्या. "खुर्चीवर बसवा, अन् तोंड कोरं ठेवा. ज्याचं असन तो आपलं ओळखन."

एवढं बोलून त्या कापडी जोडे छातीशी धरून ओट्यावर बसल्या. बांधले नाहीत. त्यांनी बांधले नाहीत म्हणजे बडगा झाला नाही, आणि बडगा झाला नाही तर मिरवणूक कसली? सगळी मंडळी नवऱ्याकडे पाहत होती. तो पुतळ्यासमोर उभा होता, त्याच्या हातानं घडवलेल्या त्या तोंडाकडे पाहत. आयुष्यातलं सर्वात चांगलं काम होतं ते त्याचं, हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

त्यानं हात घातला आणि तोंड फाडून काढलं. दातांची माळ ओढली, मातीचे दात अंगणभर उधळले. मग तो घरात गेला आणि आमच्या घरातली एकुलती एक खुर्ची घेऊन आला. कारखाना उभारायला आलेला एक रशियन साहेब परत जाताना विकून गेलेली, चांगली हातांची खुर्ची.

"माही खुर्ची!" मी ओरडले.

"खुर्चीबिगर हुकूम देनारा कसा होईल?" तो म्हणाला. त्या वर्षात त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं माणसासारखं वाक्य. मी खुर्ची देऊन टाकली. आजवर घरात बऱ्याच खुर्च्या आल्या, तिच्यासारखी एक नाही, पण मला तिचं दुःख नाही.

तासाभरात बडगा बदलला. पोट मोठं झालं, अंगावर कोणाची तरी जुनी लोकरीची शाल आली, पायांत रबराचे भले मोठे गमबूट. आणि तोंडाच्या जागी नुसता पांढरा कागद. आत्याबाई उठल्या. त्यांनी दिराचे जोडे त्याच्या गळ्यात बांधले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "माह्या लेकाची थंडी हाय हे. घेऊन जा!" आणि अंगणातल्या झाडून सगळ्या माणसांनी ओ दिली.

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली. त्यानंतर लढाया झाल्या, पुढे तर बाजारात, गाड्यांत बॉम्बही फुटू लागले, आणि दर वेळी कोणी ना कोणी टेबल बडवून सांगत होतं की दोष कोणाचा. मला त्यातलं राजकारण सगळं कळतं असं नाही. जो मारायला येतो त्याचा दोष आधी, चीननं दगा दिला हे मी आजही म्हणते आणि त्यात मला कोणाची मर्जी राखायची नाही. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. खरा दोषी शोधणं अवघड जातं, दूर जावं लागतं, आपल्याच माणसांनाही दोन प्रश्न विचारावे लागतात. म्हणून लोक सोपं उत्तर जवळच्या दुकानात शोधतात. आणि ज्यानं हे केलं त्याला तर हेच हवं असतं, की आपण इकडे एकमेकांच्या छपराला काडी लावत बसावं.

तर मिरवणूक निघाली. आणि काय निघाली! पुढे मारबत, मागे माणसांच्या खांद्यावर आमची खुर्ची आणि तिच्यावर तो बिनतोंडाचा ढेरपोट्या. रस्त्याच्या कडेला पंजाबी, तेलुगू, मल्याळी, छत्तीसगढी, सगळी माणसं उभी. दरवर्षी ती नुसती पाहायची. या वर्षी कोणी विचारलं, "ये कौन है?" आणि आमच्यातल्या एकानं उत्तर दिलं, "जंग करवाने वाला!" झालं. कोरं तोंड पाहून प्रत्येकाला आपापला माणूस दिसायला लागला. कोणी पेकिंगच्या नावानं बोंब मारली, कोणी दिल्लीच्या. एका म्हाताऱ्या सरदारजीनं फाळणीचं काहीतरी म्हणत जोडा काढून भिरकावला. एक रशियन बाई थैली घेऊन चालली होती, तिला कोणी खुणांनी सांगितलं तेव्हा ती थांबली. तिनं थैलीतला कागद चुरगाळून गोळा केला आणि असा फेकला की बरोबर त्या कोऱ्या तोंडावर बसला. तिचं कोण गेलं होतं, कोण जाणे. आमची छत्तीसगढी शेजारीण हसायचं सोडून घरातून तुटका झाडू घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं बांधून गेली.

बाजाराच्या वाटेवर दुकान आलं. सगळ्या फळ्या लावलेल्या. आत माणूस आहे की गेला, काही कळत नव्हतं. ढोल थांबले. मघाशी ओट्यावर हसणाऱ्यांपैकी कोणाचीही पुढे व्हायची हिंमत नव्हती.

आत्याबाई पुढे झाल्या आणि फळीवर थाप मारली.

"बाहेर ये रे बाबा. बडगा आला हाय. तुह्या घरची पीडा दे."

मग एक फळी सरकली, दुसरी सरकली. डॉक्टर बाहेर आला, मागे त्याची बायको, तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलेलं. त्यानं खुर्चीवरच्या बडग्याकडे पाहिलं. कोऱ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग माणसांकडे पाहिलं, पुन्हा आत गेला आणि एक छोटं गाठोडं घेऊन आला. ते सगळ्यांसमोर सोडलं. आत दगड होते. लढाईच्या दिवसांत खिडकीवर आलेले, काचेच्या चुऱ्यासकट, त्यानं वेचून ठेवले होते.

"हे हाय माह्या घरची पीडा," तो म्हणाला.

इतकी माणसं उभी होती, पण कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. तेव्हा माझा नवरा पुढे आला. मला वाटलं, गाठोडं बांधायला जातो आहे. तो डॉक्टरच्या समोर उभा राहिला, आणि क्रेनवाल्याला हाक मारायच्या त्याच्या आवाजात, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "यातला एक माहा हाय."

मला ते ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनाही नव्हतं. त्यांनी लेकाकडे पाहिलं, आणि त्या नजरेपुढे तो मान खाली न घालता उभा राहिला.

डॉक्टरनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"ठाऊक हाय मले," तो म्हणाला. "तुमचा काचेले लागलाच नाही. बाकीच्यायचा नेम चांगला होता."

आधी आत्याबाई हसल्या, मोठ्यानं, नवे दात दाखवत. मग सगळा रस्ता हसला. आणि हसता हसता पलीकडून एक जण पुढे आला, "एक माहाबी हाय, डाक्टर," मग आणखी एक, मान खाजवत. नवऱ्यानं वाट पाहिली नाही. खुर्ची उंचावर, डॉक्टर बुटका. नवऱ्यानं त्याला कमरेला धरलं आणि उचललं, सरळ वर. डॉक्टरनं आपल्या हातानं ते दगडांचं गाठोडं बडग्याच्या गळ्यात बांधलं, गाठ दोनदा आवळली, आणि तिथूनच, माझ्या नवऱ्याच्या खांद्यावरून, बेंबीच्या देठापासून ओरडला, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!"

आम्ही सगळे त्याच्यामागे ओरडलो. माझा घसा त्या दिवशी बसला तो पुढे बरेच दिवस बसलेलाच होता. ढोल सुरू झाले आणि मिरवणूक मैदानाकडे निघाली. डॉक्टर खाली उतरला, बायकोचा हात धरला आणि आमच्यासोबत चालू लागला. जाताना त्यानं दुकानाच्या फळ्या लावल्या नाहीत.